सीमारेषेवरचे वाल

समजा, तुम्ही उकिडवे बसला आहात. गुडघे पार दुमडलेले, टाचा किंचित उचललेल्या, दोन्ही हात पुढे ओंजळीसारखे. समोर तीन दांड्या, त्यांच्यापुढे बॅट घेतलेला माणूस, आणि त्याच्या पलीकडून एक जण तुमच्याच दिशेने धावत येतोय. त्याच्या हातून सुटलेला चेंडू तुमच्यापर्यंत पोचायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात मधला माणूस बॅट फिरवतो आणि ऐन वेळी चेंडू दिसेनासा होतो. बॅटला लागला तर लागला, नाही तर तो तुमचा. मग उठा, दोन पावलं चाला, पुन्हा बसा. पन्नास षटकांच्या डावात अशा तीनशे बैठका होतात, वाईड बॉल सोडून. आणि हे सगळं करताना फक्त चेंडू धरायचा नाही. कोण कुठे उभा आहे, कोणाचं लक्ष उडालंय, गोलंदाज दमलाय का, फलंदाज कुठल्या पायावर भार देतोय, हेही बघायचं. कारण अकरा जणांत सगळं मैदान समोरून दिसतं ते फक्त तुम्हाला.

आता समजा, एक दिवस तुम्हाला कोणी सांगितलं की बस झालं, ऊठ, आणि तिकडे साठ मीटरवर प्लास्टिकच्या खुर्चीत बस.

गुणाजी तावड्याचं नेमकं हेच झालं.

वयाच्या एकविसाव्या वर्षी गुणाजी भांडुपच्या एका कंपनीत लागला. कागदावर हेल्पर, पण घेतलं होतं ते यष्टीमागे उभं राहण्यासाठी. कंपनीचा क्रिकेटचा संघ होता. सकाळी कार्ड पंच करायचं, दुपारी एकला किट उचलून मैदानावर जायचं, आणि पगार मात्र पूर्ण आठ तासांचा. अकरा वर्षं त्याने हा पगार खाल्ला आणि कंपनीने तो पुरेपूर वसूल केला. डाव्या हाताची करंगळी दोनदा मोडली, उजव्या हाताचं मधलं बोट एकदा. मग कंपनी बंद पडली, त्या जागेवर टॉवर उभा राहिला, आणि गुणाजी फिरत फिरत मुलुंड पूर्वेच्या एका हाउसिंग सोसायटीत मॅनेजर झाला. दोन विंगा, अठ्ठावन्न फ्लॅट, एक पाण्याचा पंप आणि पार्किंगवरून रोजची भांडणं.

क्रिकेट मात्र सुटलं नाही, कारण गावाचा संघ होता. राजापूर तालुक्यातलं आंबेरखोल हे त्याचं गाव. गावच्या शाळेत आता पटावर सहा मुलं आहेत, पण मुंबईत गावाचा क्रिकेटचा संघ आहे. तालुक्यातल्या बहुतेक गावांचा असतो. पोरं राहतात दहिसरला, मालाडला, दिव्याला. जानेवारीच्या रविवारी मात्र मुलुंडच्या मैदानात आपापल्या गावाच्या नावाची जर्सी घालून उतरतात. टेनिसचा चेंडू, सहा-सहा षटकं, लाउडस्पीकरवर मराठीतून धावतं वर्णन. या संघासाठी गुणाजी एकोणीस वर्षं यष्टीमागे उभा होता.

थांबवलं ते गुडघ्यांनी. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला, मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं तर मुळीच नाही म्हणाले, आणि घरात कमोड आहे का ते विचारलं. गुणाजीला वाईट वाटलं ते शेवटच्या प्रश्नाचं.

मंडळाचे अध्यक्ष अण्णा. बहात्तर वर्षांचे, जुने गिरणी कामगार, मुंबईत पन्नास वर्षं काढूनही मालवणीच बोलणारे. त्यांनी गुणाजीला संघाचा मॅनेजर करायचं ठरवलं, पण फक्त या स्पर्धेपुरतं. कारण डोंबिवलीचा चंद्रप्रकाशही मॅनेजर व्हायला तयार होता. त्याचा कपड्यांचा धंदा होता, नव्या जर्सी तोच देणार होता, आणि मंडळातल्या निम्म्या लोकांना तो पसंत होता. अण्णांनी मधला रस्ता काढला. चार संघांचा गट, प्रत्येकी तीन सामने, दोन रविवार. आंबेरखोल उपांत्य फेरीत गेलं तर मॅनेजर गुणाजी, नाही तर पुढच्या वर्षीपासून चंद्रप्रकाश.

"तुका झेपात मां?" अण्णांनी विचारलं.

गुणाजी हो म्हणाला. न झेपण्यासारखं त्यात काय होतं, हेच त्याला कळलं नाही. त्याला भीती वेगळीच होती. मॅनेजरकी गेली, तर सीमारेषेच्या दोराच्या आतही जागा नाही आणि बाहेरही नाही. मग रविवारी सकाळी उठून करायचं काय, सोसायटीच्या टाकीचं पाणी मोजत बसायचं?

पहिल्या रविवारी अण्णांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. त्यात समोरच्या संघाच्या वेगवान गोलंदाजाचं नाव घेऊन त्याची लाइन बिघडू दे असंही देवाला सांगितलं, आणि सगळ्यांनी गंभीरपणे "व्हय म्हाराजा" केलं. पंचांनी दोन्ही मॅनेजरांना बजावलं की बाहेरून ओरडून सूचना दिल्या तर पाच धावांचा दंड. गुणाजी खुर्चीत जाऊन बसला. आणि बसल्या बसल्या त्याला जाणवलं की इथून काहीच दिसत नाही. म्हणजे दिसतं सगळं, पण बाजूने. चेंडू आत येतोय की बाहेर जातोय, पत्ता नाही. गोलंदाजाचं तोंड दिसत नाही. सिनेमा पडद्याच्या कडेला उभं राहून बघावा तसं ते होतं.

यष्टीमागे आता सिद्धेश होता. चोवीस वर्षांचा, मालाडच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारा. हात चांगले, पण तोंडाला कुलूप. प्रत्येक चेंडूआधी तो मान वळवून गुणाजीकडे बघायचा.

तरी सामना हातात होता. शेवटच्या षटकात समोरच्यांना अकरा धावा हव्या होत्या आणि खेळायला राहिले होते दोन कच्चे फलंदाज, ज्यांचा फटका दोरापर्यंत पोचणं कठीण. कप्तान सुयोगने चार क्षेत्ररक्षक बरोबर जवळ आणले होते, एकेरी धावही मिळू नये म्हणून. आणि अचानक चौघेच्या चौघे मागे जाऊ लागले. गुणाजीला काही समजेना. तो खुर्चीतून उठला. ओरडायची सोय नव्हती. चिडून त्याने टोपी काढली, कपाळावरचा घाम पुसला, टोपी परत डोक्यावर दाबली. ते बघून चौघे आणखी मागे गेले, पार दोराला टेकले.

कच्च्या फलंदाजांनी मग फटका मारायचा विचारच केला नाही. चेंडू नुसता ढकलायचे आणि पळायचे. दोन, दोन, दोन, दोन, दोन, आणि शेवटी एक.

सुयोग मैदानातून तडक खुर्चीपाशी आला. तो चौतीस वर्षांचा, गुणाजीच्याच वाडीतला, लहानपणापासून त्याला दादा म्हणणारा.

"गुणादा, कच्चे प्लेअर होते यार. मागे का पाठवलंस सगळ्यांना?"

"मी? मी कोणाला पाठवलं?"

"टोपी खाली ओढलीस ना तू. दोनदा."

"अरे, ऊन डोळ्यावर येत होतं."

सुयोग त्याच्याकडे बघतच राहिला. त्याच्यामागे उभे असलेले चौघेही. टोपीची कड खाली ओढली म्हणजे मागे जा. कानाची पाळी धरली म्हणजे पुढे या. गुडघ्यावर हात म्हणजे चेंडू हळू टाक. या खुणा गुणाजीनेच एकोणीस वर्षं यष्टीमागून या पोरांच्या अंगात मुरवल्या होत्या. काही पोरं तर क्रिकेट शिकली तीच या खुणांवर. खुणा करणारा माणूस जागेवरून उठून खुर्चीत बसला, तरी त्यांचे डोळे त्याच्याबरोबर खुर्चीपर्यंत आले होते.

अण्णा काठी टेकत आले, सगळं ऐकून घेतलं. "गुणाजी," ते म्हणाले, "तू मैदानात नसलंस तरी हरवलंस मां आमका."

चंद्रप्रकाश जरा लांब उभा होता. नव्या जर्सीचा नमुना त्याने घडी करून पिशवीत ठेवला, आणि ते गुणाजीला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

घरी येऊन गुणाजीने बायकोला, सुलक्षणाला, सगळी हकिकत सांगितली. तिला हसू आवरेना. तो म्हणाला, यात हसण्यासारखं काय आहे. ती म्हणाली, श्रुतिकाकडे बघा. त्यांची मुलगी श्रुतिका टीव्हीसमोर बसली होती आणि तिने एवढ्यात आवाज कमी केला होता.

"तिला कोणी सांगितलं आवाज कमी करायला?"

"तुम्हीच. आता कान धरलात ना. गेली पंधरा वर्षं आम्हीपण तुमच्या टीममध्येच आहोत," सुलक्षणा म्हणाली. "तुम्ही टोपी ओढली की मी चहा ठेवत नाही. मूड नसतो तुमचा."

गुणाजीने हात कानापासून काढला आणि तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. मांडीवर ठेवला तर गुडघ्याला लागत होता. शेवटी त्याने दोन्ही हात मागे बांधले. असा माणूस जेवायला कसा बसणार?

पुढचा अख्खा आठवडा त्याने स्वतःच्या हातांवर पाळत ठेवली. सोसायटीच्या ऑफिसात एका कागदावर तो रेघा मारत गेला. एका तासात टोपी नऊ वेळा, कान चौदा वेळा, गुडघा मोजण्यापलीकडे. गुडघा तर दुखायचाच, त्यामुळे हात तिकडे जाणारच. म्हणजे सामन्यात तो दर दोन मिनिटांनी कोणाला ना कोणाला काहीतरी आज्ञा देत होता. असं मशीन कंपनीत असतं तर फोरमनने पहिल्याच दिवशी त्याची वायर काढून ठेवली असती.

शनिवारी संध्याकाळी त्याने सुयोगला, सिद्धेशला आणि बाकीच्या पोरांना सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोलावलं. सेक्रेटरींची गाडी बाहेर गेली होती, त्या जागेत सगळे गोल करून उभे राहिले. गुणाजीने सांगितलं की माझ्या जुन्या खुणा आजपासून बंद. नव्या खुणा सिद्धेशने ठरवायच्या, कारण मैदान आता त्याला दिसतं, मला नाही.

सिद्धेशने मान खाली घातली. त्याला खुणा वगैरे जमणार नाहीत, काकांनी सांगाव्यात, तो पाठ करेल, असं काहीतरी तो पुटपुटला. गुणाजीने नाही म्हणून सांगितलं. वर आणखी एक अट घातली.

"ठरवाल त्या मला सांगायच्या नाहीत."

"तुम्हाला पण नाही, काका?"

"मला तर अजिबातच नाही. मला कळल्या की माझे हात त्या करायला लागतील. आणि किपर न् बोलर यांच्यातलं तिसऱ्याला कशाला कळायला पाहिजे? माझ्या खुणा मी अण्णांना तरी कुठे सांगितल्या होत्या कधी."

एवढं बोलून तो पंपाच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं, म्हणजे चुकूनही कानावर काही पडायला नको. अर्धा तास आत बसला. पंपाच्या घरघरीतून त्याला मध्येच पोरांचं हसणं ऐकू आलं, सिद्धेशचंही. त्याने या मुलाला हसताना कधी ऐकलंच नव्हतं.

राहता राहिले हात. ते सुलक्षणाने सोडवलं. रविवारी सकाळी तिने मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात घालून एका मोठ्या डब्यात भरले, त्यावर रिकामी वाटी ठेवली आणि डबा त्याच्या पिशवीत टाकला. रविवारी तिच्या घरी वालाची उसळ असते, आणि ते सोलायला तिला तास जातो.

"तिथे रिकामे बसणार, त्यापेक्षा हे सोलून आणा. हाताला काम दिलं की हात शहाणे होतात."

"मैदानावर वाल सोलू? लोक काय म्हणतील?"

"हरलात तर जे म्हणतील त्यापेक्षा हे बरं," सुलक्षणा म्हणाली, आणि विषय संपला.

अशा रीतीने दुसऱ्या रविवारी आंबेरखोलचा मॅनेजर सीमारेषेबाहेर मांडीवर डबा घेऊन वाल सोलायला बसला. वाल दोन बोटांत धरायचा, हलकेच दाबायचा, दाणा सालीतून सुटकन बाहेर येतो. मोडलेल्या बोटांना ते काम आधी अवघड गेलं, मग लय सापडली. समोरच्या संघाच्या पोरांनी मजा करून घेतली. एकाने विचारलं, काका, जेवायला किती वाजता येऊ? लाउडस्पीकरवरच्या माणसाला तर आयताच विषय मिळाला. "आंबेरखोलचे माजी यष्टिरक्षक आज उसळीच्या तयारीने उतरले आहेत," त्याने जाहीर केलं, "पाहू या, समोरचा संघ शिजतो का." अण्णा काठीवर हनुवटी टेकून डब्याकडे बघत राहिले. चंद्रप्रकाशने मोबाइलवर फोटो काढला.

पहिल्या षटकात सिद्धेश सवयीने प्रत्येक चेंडूआधी गुणाजीकडे बघत होता. दर वेळी त्याला दिसायचे ते वाल. दुसऱ्या षटकात त्याने तीनदाच मान वळवली. चौथ्या षटकात एकदाही नाही. त्याचा आवाज यायला लागला होता, आधी बारीक, मग चांगला खणखणीत. तो सामना आंबेरखोलने आरामात जिंकला, आणि वाटी निम्मी भरली.

खरी परीक्षा पुढची होती. जिंकलं तर उपांत्य फेरी, हरलं तर गुणाजीची खुर्ची गेली. समोर कारवली गावचा संघ, आणि त्यांचा एक धिप्पाड फलंदाज, ज्याने आधीच तीन चेंडू मैदानाबाहेरच्या रिक्षा स्टँडवर पाठवले होते. शेवटच्या तीन चेंडूंत त्यांना सात धावा हव्या होत्या. त्यांच्या हातात हा एकच फलंदाज होता, तो गेला की डाव संपला. गोलंदाजी सुयोगची. सुयोगचा चेंडू चांगला जोरात येतो; त्याला यष्टिरक्षक नेहमी आठ-दहा पावलं मागे उभा राहतो. गुणाजीही एकोणीस वर्षं तसाच उभा राहिला होता.

सिद्धेश चालत पुढे आला. थेट यष्ट्यांपाशी येऊन बसला.

इतक्या जवळून सुयोगचा चेंडू सुटला तर चार बाय, मग राहिल्या तीन. मागे जा, मागे हो, त्याचं सगळं अंग म्हणत होतं. उजवा हात टोपीकडे निघालाही होता. पण त्या हातात वाल होता, बोटं ओली होती, डबा मांडीवरून घसरायला लागला होता, तो सावरायला हाताला परत यावं लागलं. तेवढ्यात त्याने पाहिलं की सिद्धेशने लेगच्या बाजूच्या बेलवर, यष्ट्यांवरच्या त्या लाकडी तुकड्यावर, एक बोट ठेवलं. उचललं. पुन्हा ठेवलं. अगदी अलगद, बेल न हलवता. पलीकडे सुयोगने मान हलवली आणि धावायला सुरुवात केली.

धाव तीच, हाताचा झोकाही तोच, पण चेंडू आला तो हळू आणि बराच बाहेरून. धिप्पाड फलंदाज दोन पावलं पुढे येऊन फिरला, बॅट वाऱ्याला लागली, आणि मागे सिद्धेशने चेंडू धरून बेल उडवल्या. एवढं गुणाजीला बाजूने दिसलं. बाजूने, पण लख्ख दिसलं: फलंदाजाचा पाय रेषेच्या बाहेर होता, चांगला वीतभर.

पोरं मैदानात एकमेकांवर पडली. गुणाजी मात्र खुर्चीत बसून होता. त्याच्या मुठीत चार वालांचा चेंदामेंदा झाला होता.

दुपारी उपांत्य सामना आंबेरखोल हरलं. चांगल्या संघाकडून, सरळ सरळ हरलं. त्यात कोणाच्या टोपीचा दोष नव्हता. पण तोवर ठरलेलं ठरलं होतं. सामना संपल्यावर अण्णा खुर्चीपाशी आले, वाटीत बोट घालून सोललेले वाल बघितले, एक कच्चाच तोंडात टाकला आणि कडू लागला तरी चावून खाल्ला.

"फुडल्या वर्षाक येताना वाल घेवन ये," ते म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

चंद्रप्रकाशने जर्सीचा नमुना पुन्हा पिशवीतून काढला आणि गुणाजीच्या खांद्याला लावून माप बघितलं. पाठीवर नाव काय छापायचं, त्याने विचारलं. गुणाजी म्हणाला, नाव नको, गावाचं आहे तेवढं पुरे. पण घेर जरा मोठा ठेव, बसून असतो मी.

संध्याकाळी घरी उसळ झाली. चार वालांचा चेंदा सुलक्षणाने फेकला नाही, तोही त्यातच टाकला, रस दाट होतो म्हणाली. जेवता जेवता गुणाजीने तिला बेलची गोष्ट सांगितली. आमटीच्या वाटीच्या काठावर बोट ठेवून, उचलून, परत ठेवून दाखवलं. श्रुतिकाने विचारलं की याचा अर्थ काय. तेच तर, तो म्हणाला. हात धुऊन त्याने सिद्धेशला फोन लावला.

"सिद्धेश, ती बेलवरची खूण कसली रे?"

"काका, तुम्हीच बोललात ना, तुम्हाला सांगायची नाही."

"अरे, आता संपली स्पर्धा."

"पुढच्या वर्षी आहे ना," सिद्धेश म्हणाला. मागे सुयोगही असावा, कारण कोणीतरी खो खो हसत होतं. मग फोन ठेवला गेला.

गुणाजी बाल्कनीत जाऊन उभा राहिला. सवयीने हात कानाकडे गेला, आतून टीव्हीचा आवाज कमी झाला, आणि त्याने ओशाळून हात खाली घेतला. मग कठड्यावर एक बोट ठेवलं. उचललं. पुन्हा ठेवलं. त्या खुणेचा अर्थ हळू टाक असा होता, की हा पुढे येणार आहे असा, की काका कितीही म्हणाले तरी मी मागे जाणार नाही असा?